व्हायल उघडायची की नाही?

गरीब देशांत लसीकरण कुठे अडतं असं विचारलं की दोन उत्तरं तयार असतात. लोक घाबरतात, हे एक. लस तिथवर पोचतच नाही, हे दुसरं. दोन्हींत तथ्य आहे आणि दोन्हींकडे पुढे येणारच आहे. पण कागद-पेन्सिल घेऊन हिशेब मांडला तर पुष्कळ डोस एका तिसऱ्याच जागी हुकताना दिसतात. लस पेटीत आहे, आई मूल घेऊन समोर बसली आहे, नर्सही हजर आहे, आणि तरी मूल तसंच घरी जातं.

आधी पसारा केवढा आहे ते बघू. जागतिक आरोग्य संघटनेने लसीकरणाचा विस्तारित कार्यक्रम १९७४ साली सुरू केला. पन्नास वर्षांनंतर, म्हणजे २०२४ मध्ये, जगातल्या सुमारे ८५ टक्के बाळांना घटसर्प, डांग्या खोकला आणि धनुर्वाताच्या लसीचे तिन्ही डोस मिळाले. त्याच वर्षी १ कोटी ४३ लाख बाळांना या लसीचा एकही डोस मिळाला नाही. आणखी ५७ लाखांच्या आसपास बाळांना पहिला मिळाला, पण तिसरा मिळाला नाही. पहिल्या गटाला या क्षेत्रात ‘झिरो डोस’ म्हणतात. लसीकरणाची चर्चा करताना हे दोन गट एकाच पोत्यात भरले जातात आणि तिथेच उपाय चुकतो. झिरो डोसपर्यंत यंत्रणा गेलेलीच नसते. अर्धवट राहिलेलं मूल मात्र एकदा यंत्रणेच्या हातात आलेलं असतं आणि नंतर निसटलेलं असतं.

आता हिशेबासाठी एक काल्पनिक आरोग्य केंद्र घेऊ. लोकसंख्या १०,०००. जन्मदर हजारी ३५, म्हणजे वर्षाला ३५० जन्म. बालमृत्यू वजा जाता वर्षाची होणारी बाळं साधारण ३३०. केंद्राच्या गावात ४,००० लोक राहतात, उरलेले ६,००० सहा वाड्यांत, प्रत्येकी हजार. प्रत्येक वाडीवर महिन्यातून एक सत्र, केंद्रावर आठवड्यातून एक.

गोवर-रुबेलाची लस ९ महिन्यांना आणि पुन्हा १५ ते १८ महिन्यांना द्यायची असते. हजार वस्तीच्या वाडीत वर्षाला ३३ बाळं, म्हणजे दोन डोस मिळून ६६ टोचण्या. महिन्याच्या सत्राला सरासरी पाच-सहा मुलं येतील, तीही सगळी आली तर. प्रत्यक्षात एखाद्या महिन्यात दोनच येतात. व्हायल, म्हणजे लसीची कुपी, मात्र बहुतेक ठिकाणी दहा डोसांची.

गोवरची लस कोरड्या पावडरीच्या रूपात येते. तिच्यात द्रावक, म्हणजे ती विरघळवायचा द्रव, मिसळलं की ती सहा तासांच्या आत किंवा सत्र संपताना, यातलं जे आधी येईल तेव्हा, फेकायची असते. तिच्यात जंतुनाशक नसतं. त्यामुळे सुईबरोबर एखादा जिवाणू आत गेला तर गरम हवेत तो तासातासाला वाढतो. दोन मुलांसाठी व्हायल उघडली की आठ डोस कचऱ्यात जाणार. आणि नर्सच्या मासिक अहवालात ‘वाया गेलेले डोस’ असा रकाना असतो. ‘हुकलेली मुलं’ असा रकाना नसतो. वरून आलेला पर्यवेक्षक पहिल्या रकान्यावर बोट ठेवून जाब विचारतो. मग नर्स काय करणार? ती आईला सांगते, पुढच्या महिन्यात या, पाच-सहा मुलं जमली की देऊ.

जागतिक आरोग्य संघटनेचा सल्ला स्वच्छ आहे: एकच मूल आलं तरी व्हायल उघडा. पण सल्ला एकीकडे आणि पुरवठ्याचं गणित दुसरीकडे. मागणी नोंदवताना वाया जाण्याचं प्रमाण ठरावीक धरतात, समजा ४० टक्के. मग गुणक येतो १००/६०, म्हणजे १.६७. आपल्या केंद्राला ६६० टोचण्या हव्यात, गुणिले १.६७ केलं की ११०० च्या थोडे वर डोस, म्हणजे १११ व्हायली. आता सत्रं मोजा. सहा वाड्या गुणिले बारा महिने झाले ७२. केंद्रावर ५२ आठवडे. प्रत्येक सत्राला एक व्हायल उघडायची तर १२४ लागतात. तेरा व्हायली कमी. म्हणजे नर्सने नियम प्रामाणिकपणे पाळला तर अकराव्या महिन्यात कपाट रिकामं होतं. तिने नियम मोडून मुलं परत पाठवली की साठा वर्षभर पुरतो आणि वरचे लोक खूश. यंत्रणा कुणाला बक्षीस देते ते उघडच आहे.

यावर उतारे आहेत आणि ते फार महागडे नाहीत. मागणी टक्क्यांवर न काढता सत्रांच्या संख्येवर काढायची. केंद्रावरचं गोवरचं सत्र आठवड्याऐवजी पंधरवड्याला ठेवलं तर व्हायली लागतात ९८, आणि तारीख पक्की असेल तर आयांचं काही बिघडत नाही. लहान वस्त्यांसाठी पाच डोसांच्या व्हायली मागवायच्या. त्यांना दर डोसामागे पैसे जास्त पडतात आणि शीतकपाटात जागाही जास्त लागते, पण नर्सचा हात अडखळत नाही. हिशेबच करायचा तर मोठ्या खरेदीत या लसीचा डोस एका डॉलरच्या आत मिळतो. सात-आठ डोस फेकले म्हणून जेवढं नुकसान होतं, त्याच्या अनेक पट खर्च गोवराची एक साथ विझवायला येतो. गोवर रोखायला ९५ टक्के मुलांना दोन डोस लागतात. २०२४ मध्ये जगभरात पहिला डोस ८४ टक्क्यांना मिळाला, दुसरा ७६ टक्क्यांना.

कुठली उघडी व्हायल ठेवायची आणि कुठली फेकायची याचा गोंधळ दोन्ही बाजूंनी होतो. पेंटाव्हॅलंट म्हणजे पाच आजारांवरची ‘पेंटा’, टीडी म्हणजे धनुर्वात-घटसर्पाची, तोंडावाटे द्यायची पोलिओ, टोचायची पोलिओ या द्रवरूप लसी उघडल्यावरही २८ दिवस चालतात; मात्र तापमान नीट राखलेलं हवं, मुदत संपलेली नको आणि व्हायल मॉनिटर, म्हणजे उष्णता लागली की रंग बदलणारी खूण, ठीक हवा. बीसीजी, म्हणजे क्षयरोगावरची लस, आणि गोवर चालत नाहीत. पाठ करायची गरज नाही, मॉनिटर कुठे चिकटवलाय ते बघायचं. लेबलवर असेल तर उघडल्यावर ठेवता येते. टोपणावर किंवा अँप्युलच्या मानेवर असेल तर सहा तासांत फेकायची, कारण टोपण उडवलं की मॉनिटरही गेला. इतकी साधी खूण, पण प्रशिक्षणात ती दोन मिनिटांत उरकली जाते. मग कुणी पेंटाच्या अर्ध्या व्हायली फेकतो आणि कुणी गोवरची दुसऱ्या दिवसासाठी जपून ठेवतो.

लस मिसळण्यातली आणि ठेवण्यातली चूक तर जीव घेते. २०१७ मध्ये दक्षिण सुदानच्या कापोएटा भागात गोवराच्या मोहिमेनंतर पाच वर्षांखालची १५ मुलं दगावली. चार दिवस लस मिसळायला एकच सिरिंज वापरली गेली होती आणि लस थंड ठेवलेली नव्हती. टोचणाऱ्यांत प्रशिक्षण नसलेले लोक होते, काही तर स्वतःच मुलं होती. सिरियातल्या इदलिबमध्ये २०१४ साली १५ मुलं गेली, कारण द्रावकाच्या जागी स्नायू शिथिल करणारं भुलीचं औषध मिसळलं गेलं. २०१८ मध्ये सामोआत याच प्रकारच्या चुकीने दोन बाळं गेली. तिथली लस काही महिने थांबवली गेली, लोकांचा विश्वास उडाला, आणि २०१९ च्या गोवर साथीत त्या छोट्या देशात ८३ जण मेले, बहुतेक लहान मुलं. तिन्ही ठिकाणी लसीत दोष नव्हता.

म्हणून द्रावकाकडे लसीइतकंच लक्ष लागतं. ते त्याच उत्पादकाचं, त्याच लसीचं हवं. मिसळण्याआधी तेही २ ते ८ अंशांवर आणायचं असतं; गरम द्रावक ओतलं तर लस क्षीण होते. प्रत्येक व्हायलला मिसळायची नवी सिरिंज. लसीच्या कपाटात इन्सुलिन, भुलीची औषधं, दुसरं काहीही ठेवायचं नाही. पाठवणी करताना व्हायली, तितकीच द्रावकं, मिसळायच्या सिरिंजा, एकदाच वापरता येणाऱ्या ०.५ मिलीच्या सिरिंजा आणि सुया टाकायचे डबे एकत्र मोजून द्यायचे. पाच लिटरच्या डब्यात साधारण १०० सिरिंजा मावतात. बीसीजीची सिरिंज वेगळी, ०.०५ मिलीची. ती संपली की बीसीजी कपाटात पडून राहते आणि अहवालात ‘साठा उपलब्ध’ असं दिसतं.

थंडीचं नुकसान

शीतसाखळी म्हटलं की सगळ्यांच्या डोळ्यांसमोर ऊन आणि वितळलेला बर्फ येतो. उष्णता शत्रू आहेच, पण ती निदान दिसते. व्हायल मॉनिटरचा आतला चौकोन बाहेरच्या वर्तुळापेक्षा फिकट असेल तर लस वापरायची. दोन्ही एकाच रंगाचे झाले किंवा चौकोन गडद झाला की फेकायची. हा मॉनिटर १९९६ पासून पोलिओच्या लसीवर यायला लागला आणि पुढे इतर लसींवर आला. गोठणं मात्र त्याला कळत नाही. पेंटा, हेपटायटिस बी, टीडी, न्यूमोकोकल (न्यूमोनियावरची), एचपीव्ही (गर्भाशयमुखाच्या कॅन्सरवरची) या लसींत अॅल्युमिनियमचं क्षार असतं. त्या गोठल्या की त्या क्षाराच्या गुठळ्या होतात आणि शक्ती जाते. वितळल्यावर व्हायल वरवर पूर्वीसारखीच दिसते. मूल टोचलं जातं, कार्डावर तारीख पडते, टक्केवारी वाढते, संरक्षण मात्र शून्य.

हे घडतं कसं? वाडीवर जायचं म्हणून सकाळी सहाला फ्रीजरमधले चार आईसपॅक काढून थेट व्हॅक्सिन कॅरिअरमध्ये, म्हणजे लस न्यायच्या पेटीत, भरले जातात. ते उणे २० अंशांवरचे असतात. पेंटाची व्हायल त्यांना टेकली की गोठलीच. आईसपॅक आधी टेबलावर एकेक सुटे मांडून ठेवायचे. त्यांना घाम फुटला पाहिजे आणि कानाशी धरून हलवल्यावर आत पाणी डुचमळल्याचा आवाज आला पाहिजे. याला हवेच्या उष्णतेप्रमाणे अर्ध्या तासापासून दीड तासापर्यंत वेळ लागतो. घाईच्या सकाळी हा वेळ कुणाकडे नसतो, आणि ‘जितकं गार तितकं चांगलं’ ही समजूत डोक्यात पक्की असते. आता आतल्या बाजूला अडथळा असलेले, गोठू न देणारे कॅरिअर मिळतात. जुने बदलायला पैसे असतील तर पहिली खरेदी हीच करावी असं माझं मत.

संशय आला तर हलवून पाहण्याची चाचणी करायची. त्याच उत्पादकाची, त्याच बॅचची एक व्हायल मुद्दाम रात्रभर गोठवायची, वितळवायची आणि तिच्यावर ‘गोठवलेली’ असं लिहायचं. संशयित व्हायल आणि ही, दोन्ही एका हातात धरून १०-१५ सेकंद हलवायच्या आणि शेजारी शेजारी ठेवायच्या. अर्ध्या तासाच्या आत संशयित व्हायलचा साका गोठवलेलीइतक्याच किंवा जास्त वेगाने खाली बसला तर तो साठा बाद. हाताला व्हायल सरळ दगडासारखी गोठलेली लागली असेल तर चाचणीच्या भानगडीत पडायचंच नाही.

कपाटांचीही एक कहाणी आहे. वीज नसलेल्या ठिकाणी वर्षानुवर्षं रॉकेलवर चालणारी कपाटं होती. त्यांची वात, धूर आणि तापमान सांभाळणं ही रोजची कसरत. मग सौर कपाटं आली, पण बॅटरीवाली. काही वर्षांत बॅटरी बसली आणि नवीन घ्यायला कुणाच्याच अंदाजपत्रकात पैसे नव्हते. आताची सौर कपाटं बॅटरीशिवाय चालतात, दिवसा भिंतीत बर्फ जमवून ठेवतात आणि सूर्य नसतानाही किमान तीन दिवस तग धरतात. त्यांनाही दोन गोष्टी लागतात: पॅनेलवरची धूळ पुसणारा माणूस आणि शेजारचं झाड वाढून सावली पडतेय हे बघणारा माणूस. दोन्ही कामं कुणाच्याच नोकरीच्या वर्णनात नसतात. शिवाय तापमानाची नोंद. तीस दिवसांची इलेक्ट्रॉनिक नोंदपट्टी ८ अंशांच्या वर सलग १० तास किंवा उणे ०.५ अंशाखाली सलग ६० मिनिटं गेली की इशारा देते. इशारा येतो, नर्स वहीत लिहिते, आणि दुरुस्तीला येणारा तंत्रज्ञ जिल्ह्यात एकच असतो, त्याच्याकडे गाडी नसते.

पेट्रोलचे पैसे

माझ्या मते सगळ्यात कमी बोललं जाणारं आणि सगळ्यात जास्त डोस खाणारं कारण हे आहे. लस परदेशी मदतीतून येते, कपाटही येतं. पण वाडीवर जायला मोटरसायकलचं पेट्रोल, टायरचं पंक्चर, दोन माणसांचा दिवसाचा भत्ता हे देशाच्या तिजोरीतून किंवा जिल्ह्याच्या खात्यातून यायचं असतं. वर्षाचे पैसे सहा-आठ महिने उशिरा सुटतात. तोवर सत्र रद्द. दोनदा बाया मुलं काखेत घेऊन झाडाखाली बसल्या आणि कुणी आलं नाही, की तिसऱ्या वेळी गाडी आली तरी झाडाखाली कुणी नसतं. मग अहवालात लिहिलं जातं, ‘समुदायाचा प्रतिसाद कमी’.

‘सत्रं ठरली किती आणि झाली किती’ हा आकडा गोळा करायला फुकट आहे. तो ८० टक्क्यांच्या खाली असेल तर जनजागृतीच्या पोस्टरांवर एक पैसाही खर्च करू नये. ड्रोनने लस पोचवण्याचे व्हिडिओ बघायला छान वाटतात, काही दुर्गम ठिकाणी त्यांचा उपयोगही आहे. पण एका वर्षाचं पेट्रोल वेळेवर मिळणं हे त्याहून मोठं तंत्रज्ञान आहे.

वरच्या पातळीवरही पैशाचं गणित असंच वाकडं आहे. २००० साली स्थापन झालेली ‘गावी’ (Gavi) ही आंतरराष्ट्रीय लस आघाडी गरीब देशांना नव्या, महागड्या लसींसाठी मदत करते आणि देशांनी त्यात हळूहळू वाढता वाटा घालायचा असतो. सगळ्यात गरीब गटासाठी तो डोसामागे २० सेंटांपासून सुरू होतो. बीसीजी, तोंडावाटेची पोलिओ अशा जुन्या, स्वस्त लसी मात्र देशांनी साधारणपणे स्वतःच्या पैशांनी घ्यायच्या. खरेदी बहुतेक वेळा युनिसेफमार्फत होते आणि तिथे आधी पैसे, मग माल. अंदाजपत्रकात तरतूद असते, पण अर्थखातं रक्कम सोडत नाही, परकीय चलन मिळत नाही, जहाज-विमानाची वेळ टळते. परिणामी न्यूमोकोकलसारखी महाग लस कपाटात भरलेली आणि काही सेंटांची बीसीजी चार महिने गायब, असा उलटा देखावा दिसतो. बीसीजी नाही हे कळलं की आई बाळाला आणतच नाही, आणि पुढच्या सगळ्याच तारखा घसरतात. असा तात्पुरता खड्डा भरून काढायला युनिसेफची आगाऊ खरेदीची सोय १९९१ पासून आहे. तिच्यासाठी अर्ज करायला आरोग्य खात्यात कुणीतरी साठ्याचा आलेख सहा महिने पुढचा बघत असावा लागतो.

१२० टक्के मुलं

आपल्या केंद्राकडे परत येऊ. समजा लोकसंख्या प्रत्यक्षात १०,००० आहे, पण जुन्या जनगणनेवरून काढलेला सरकारी आकडा ७,५००. म्हणजे लक्ष्य ३३० ऐवजी २५० बाळं. वर्षभरात पेंटाचा पहिला डोस ३०० बाळांना दिला, तिसरा २४० ना. सरकारी टक्केवारी पहिल्यासाठी १२०, तिसऱ्यासाठी ९६. जिल्ह्याच्या बैठकीत टाळ्या. खरी टक्केवारी पहिल्यासाठी ९१, तिसऱ्यासाठी ७३. तीस बाळं झिरो डोस आहेत आणि कागदावर ती जन्मलेलीच नाहीत.

ही अतिशयोक्ती नाही. काँगो लोकशाही प्रजासत्ताकात शेवटची जनगणना १९८४ साली झाली. नायजेरियात २००६ साली. मधल्या काळात शहरांच्या कडेला आख्ख्या वस्त्या उभ्या राहिल्या, ज्या कुठल्याच केंद्राच्या नकाशावर नाहीत. उत्तर नायजेरियात पोलिओ निर्मूलनाच्या वेळी उपग्रहाच्या छायाचित्रांवरून वस्त्या मोजल्या तेव्हा हाती काढलेल्या नकाशांत नसलेली कितीतरी गावं सापडली.

लोकसंख्येचा आकडा खोटा असला तरी एक आकडा बऱ्यापैकी खरा बोलतो, तो म्हणजे गळती. पहिला डोस वजा तिसरा, भागिले पहिला: (३००–२४०)/३०० म्हणजे २० टक्के. यात लक्ष्याचा आकडा येतच नाही. गळती १० टक्क्यांच्या वर असेल तर लोक पोचतात पण परत येत नाहीत. दोष सेवेत शोधायचा. पहिल्या डोसाचंच प्रमाण कमी असेल तर यंत्रणा पोचलेली नाही. नकाशा आणि सत्रांची संख्या बघायची. या दोन्हींवर एकच उपाय करणं म्हणजे पाय मोडलेल्याला खोकल्याचं औषध देणं. घरोघरच्या सर्वेक्षणांनी सरकारी टक्केवारी पडताळता येते, पण ती सर्वेक्षणंही मदतीवरच चालतात. २०२५ च्या सुरुवातीला अमेरिकेने पैसे थांबवले तेव्हा अनेक देशांत वर्षानुवर्षं होणारी डीएचएस, म्हणजे लोकसंख्या आणि आरोग्याची सर्वेक्षणं अधांतरी लटकली.

आता परत न येणाऱ्या आईचं बघू. तिला बाळाच्या पहिल्या दीड वर्षात किमान पाच-सहा खेपा करायच्या असतात: जन्मतः, ६, १०, १४ आठवडे, ९ महिने, मग दुसरं वर्ष. दोन तास चालून ती येते आणि कळतं की आज गोवर नाही, तो मंगळवारी. बाळाला सर्दी आहे म्हणून परत पाठवतात, खरं तर सर्दी, हलका ताप, जुलाब किंवा कमी वजन ही लस न देण्याची कारणं नाहीत. कार्ड हरवलं म्हणून सगळ्यांसमोर बोलणी बसतात. काही ठिकाणी नव्या कार्डाचे पैसे मागतात. गेल्या वेळी पेंटानंतर रात्रभर ताप आला होता आणि तो येणार हे तिला कुणी सांगितलेलं नव्हतं. नवऱ्याने विचारलं, कशाला नेलंस? सासूने मान डोलावली. यात लसीला विरोध कुठेच नाही. टोचून झाल्यावर चार वाक्यं बोलायची असतात: आज कुठली लस दिली, काय त्रास होऊ शकतो आणि त्यावर काय करायचं, पुढची तारीख कोणती, आणि कार्ड सांभाळून पुन्हा आणा. अर्धं मिनिट लागतं. रांगेत साठ बाया असल्या की पहिलं कात्रीत सापडतं ते हे अर्धं मिनिट.

खरा नकारही असतो, आणि त्यालाही बहुतेकदा इतिहास असतो. २००३ मध्ये नायजेरियाच्या कानो राज्यात पोलिओची लस थांबवली गेली. या लसीने वंध्यत्व येतं अशी बोलवा होती. जवळपास वर्षभर बहिष्कार चालला आणि तिथला विषाणू इतर देशांत पसरला. पण त्याच कानोत १९९६ च्या मेंदूज्वराच्या साथीत लहान मुलांवर एका नव्या औषधाची वादग्रस्त चाचणी झाली होती, हे लोक विसरले नव्हते. शिवाय त्यांचा एक प्रश्न बिनतोड होता: दवाखान्यात मलेरियाचं औषध मिळत नाही, नळाला पाणी नाही, मग हे दोन थेंब मात्र दारात फुकट का? तिढा सुटला तो धर्मनेत्यांशी बोलून आणि इंडोनेशियात बनलेली लस आणून. जागतिक आरोग्य संघटनेचा आफ्रिका विभाग नैसर्गिक पोलिओ विषाणूपासून मुक्त असल्याचं २५ ऑगस्ट २०२० रोजी जाहीर झालं.

युद्धाची गोष्ट निराळी. संघर्ष आणि अस्थैर्याने ग्रासलेल्या २६ देशांत जगातली पाव बाळं जन्मतात, पण लस न मिळालेल्यांपैकी निम्मी तिथली असतात. तिथे वरचं सगळं कौशल्य थिटं पडतं. रस्ता कुणाच्या ताब्यात आहे त्याच्याशी बोलणी करावी लागतात. अफगाणिस्तानात २०१८ पासून तालिबानने आपल्या भागात घरोघरी जाऊन पोलिओचे थेंब द्यायला बंदी घातली, मग मशिदीत आणि केंद्रांवर सत्रं घ्यावी लागली. टोचणारी बाई नसेल तर घरातली बाई बाहेर येत नाही, ही अडचण वेगळीच. भटक्या पशुपालकांसाठी चाडमध्ये एक साधी युक्ती वापरली गेली. गुरांना टोचायला पशुवैद्यकीय पथक जातंच, त्याच गाडीत माणसांची लसही नेली. गुरांसाठी ते तळ ठोकून थांबतात, मग मुलंही तिथेच सापडतात.

शेवटी एक नियम, जो मुळात नियमच नाही. पुष्कळ केंद्रांत मूल वर्षाचं झालं की ‘वय गेलं’ असं सांगून परत पाठवतात, कारण अहवालाच्या तक्त्यात एक वर्षाखालचाच रकाना असतो. कोविडच्या काळात हुकलेली लाखो मुलं याच रकान्यात अडकली. २०२३ मध्ये त्यांच्यासाठी मोठी भरपाई मोहीम सुरू करावी लागली. समजा १४ महिन्यांचं मूल आलं, एकही डोस नाही. त्याला एकाच दिवशी पेंटा, न्यूमोकोकल, टोचायची पोलिओ, तोंडावाटेची पोलिओ आणि गोवर-रुबेला, सगळं देता येतं. पेंटा एका मांडीत, न्यूमोकोकल आणि पोलिओ दुसऱ्या मांडीत, दोन टोचण्यांत किमान अडीच सेंटिमीटर अंतर ठेवून. गोवर-रुबेला दंडात, कातडीखाली. पुढचा पेंटा चार आठवड्यांनी, त्यापुढचा आणखी चारांनी. आधी एखादा डोस झालेला असेल तर मालिका पहिल्यापासून सुरू करायची नाही, राहिली तिथून पुढे न्यायची. तक्त्यात रकाना नसेल तर वहीत खाली रेघ मारून नवा करायचा. आणि त्या एका मुलासाठी गोवरची नवी व्हायल उघडावी लागली तर उघडायची, आणि तिच्यावर वेळ लिहायची.